थायरॉईडचा कॅन्सर, रोबोटिक की ओपन: एका शिक्षिकेची पूर्ण केस

पेशंटचं नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे. मी स्पीच थेरपिस्ट. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज बसलेले पेशंट माझ्याकडे येतात, त्यामुळे मी या विषयाकडे आवाजाच्या बाजूने बघते, एखादा सर्जन वेगळ्या बाजूने बघेल, हे धरूनच वाचा.

पार्श्वभूमी

मधुरा ३४ वर्षांची, शाळेत शिकवते. पूर्वी घसा सारखा बसायचा म्हणून माझ्याकडे थेरपीला यायची, तिथली ओळख. यावेळी घशाची काहीच तक्रार नव्हती. थकवा येतोय, वजन वाढतंय म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच (थायरॉईड कमी पडायला लागलं की वाढणारं हार्मोन) थोडं वर निघालं, अँटी-टीपीओ अँटिबॉडीज बऱ्याच वाढलेल्या, म्हणजे हाशिमोटो, शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटतं तो प्रकार, आणि मग एकदा सोनोग्राफी करून घेऊ म्हणून केली तर थायरॉईडच्या उजव्या लोबमध्ये, म्हणजे उजव्या अर्ध्या भागात, १.६ सेंमीची गाठ. काळसर, कडा वेड्यावाकड्या, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त. रेडिओलॉजिस्टने टायरॅड्स ५ लिहिलं, म्हणजे कॅन्सरचा संशय सगळ्यात जास्त. मग एफएनएसी, म्हणजे सुई घालून गाठीतल्या पेशींची तपासणी केली, रिपोर्ट बेथेस्डा ६, म्हणजे कॅन्सरच, पॅपिलरी प्रकारचा.

थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, १०० पैकी ८० च्या वर पेशंट याचेच असतात. तो हळू वाढतो, आणि थायरॉईडपुरताच असेल तर पाच वर्षांनी जवळजवळ सगळे पेशंट जिवंत असतात. मी हे आधी सांगते कारण यावरच पुढचं सगळं उभं आहे. जिवाला धोका कमी असला की बाकीच्या गोष्टींचं वजन वाढतं, आवाज कसा राहील, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर लागतील का, गळ्यावर काय दिसेल, कारण या सगळ्यासकट तिला अजून कितीतरी वर्षं जगायचंय. आणि दुसरं म्हणजे विचार करायला वेळ असतो. दोन-चार आठवडे नीट चौकशी करण्यात गेले म्हणून अशा गाठीत सहसा काही बिघडत नाही, पण कॅन्सर हा शब्द ऐकला की घरात कोणालाच हे पटत नाही.

तिच्या बाबतीत अजून दोन गोष्टी होत्या. एक, पोट आवाजावर चालतं, दिवसाचे पाच-सहा तास वर्गात बोलणं. दुसरी, कीलॉइडची प्रवृत्ती, म्हणजे जखमेचा व्रण जाड होऊन वाढत जाणं. कान टोचला होता तिथे गाठ झालेली, खांद्यावरचा तीळ काढला तिथे जाड लालसर व्रण आलेला, अजून खाजतो.

प्रश्न कसा समोर आला

पहिल्या सर्जननी सांगितलं की संपूर्ण थायरॉईड काढू, रोबोटने काखेतून काढू, गळ्यावर एकही खूण राहणार नाही. कीलॉइडचा इतिहास ऐकून तर त्यांना हे जास्तच योग्य वाटलं, आणि तिलाही. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, ज्याला गळ्याच्या मधोमध जाड व्रण यायची भीती आहे त्याला काखेचा रस्ता सुचवणं हा रास्त विचार आहे. घरी मात्र दोन तट पडले. नवरा म्हणे नवीन तंत्र आहे, मशीनचा हात थरथरत नाही, तेच करू. सासूबाई म्हणत होत्या की इतकी वर्षं सगळे गळ्यातूनच करतात ना, मग तेच बरं. तेव्हा तिने मला फोन केला, "ताई, रोबोटिक करू की ओपन, एवढंच सांगा."

एवढंच सांगता येत नव्हतं, कारण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले होते. किती काढायचं, अर्धं की पूर्ण? कुठून जायचं? आणि कोणाच्या हातून? घरातली सगळी चर्चा मधल्या प्रश्नावर चालली होती. पहिल्या प्रश्नाकडे कोणी बघतच नव्हतं, आणि खरं तर आवाज आणि कॅल्शियम या दोन्हींवर सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

मी तिला म्हटलं, तू आत्ता हो किंवा नाही काहीच ठरवू नकोस, आधी रिपोर्ट पूर्ण होऊ दे.

रोबोटिक म्हणजे नेमकं काय

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असं असतं की रोबोट आपोआप ऑपरेशन करतो. तसं नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसलेला असतो, त्याच्या हाताची हालचाल रोबोटची बारीक हत्यारं करतात, हाताची थरथर मशीन गाळून टाकतं, समोर थ्रीडी आणि जवळपास १० पट मोठं चित्र दिसतं. हे खरे फायदे आहेत. तोटा असा की बोटांना स्पर्श कळत नाही. गाठ किती घट्ट चिकटली आहे हे ओपनमध्ये हाताला समजतं, इथे ते डोळ्यांनी ताडायचं.

काखेतून थायरॉईड काढायची पद्धत दक्षिण कोरियात, सोलच्या योनसेई युनिव्हर्सिटीत चुंग वूंग-यून यांच्या टीमने २००७ च्या अखेरीस रोबोटवर सुरू केली. काखेत पाच-सहा सेंमीची चीर, तिथून छातीच्या स्नायूवरून, गळ्याच्या हाडावरून कातडीखालून बोगदा करत मानेपर्यंत यायचं, मानेच्या तिरक्या स्नायूच्या दोन भागांमधून आत शिरायचं आणि मग थायरॉईड. दार वेगळं, आतली खोली तीच. आवाजाच्या नसा त्याच, पॅराथायरॉईड (थायरॉईडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी) त्याच, कॅन्सरही तोच. म्हणून याला "छोटं ऑपरेशन" म्हणणं मला पटत नाही. गळ्यावर खूण नसते हे खरं, पण आत सोडवलेला भाग ओपनपेक्षा मोठा असतो, वेळ जास्त लागतो, छातीवर काही महिने बधिरपणा राहतो. आणि हात वर ताणून ठेवल्यामुळे हाताच्या नसांना ओढ बसण्याची शक्यता असते, प्रमाण कमी आहे आणि बहुतेक वेळा ते भरून येतं, पण ओपनमध्ये हा प्रश्नच येत नाही.

कोरियातल्या आकड्यांबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथे सोनोग्राफीची तपासणी इतकी सर्रास झाली की २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट होतं. म्हणजे लाखमोलाच्या त्या अनुभवातल्या बऱ्याच गाठी बारीक, लवकर सापडलेल्या, आणि त्यातूनही निवडून घेतलेल्या पेशंटच्या. रोबोटिकचे चांगले निकाल त्या निवडीसकट वाचावे लागतात. त्या टीमने सुरुवातीला स्वतःच नियम घातले होते की गाठ थायरॉईडच्या मागच्या अंगाला, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेजवळ असेल तर हा रस्ता नको. हा नियम मधुराच्या केसमध्ये पुढे कामाला आला.

दुसरीकडे २०११ मध्येच अमेरिकेत रोबोट बनवणाऱ्या कंपनीने थायरॉईडच्या ऑपरेशनला पाठिंबा देणं थांबवलं, तिथे हे मागे पडलं. मग २०१६ मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने दुरून जाऊन थायरॉईड काढण्याच्या सगळ्या पद्धतींवर भूमिका मांडली, ती थोडक्यात अशी की बंदी नको, पण पेशंट काटेकोर निवडा आणि भरपूर केसेस करणाऱ्या सर्जननेच करा. अंगाने बारीक, गाठ नीट मर्यादित आणि ३ सेंमीपर्यंत, थायरॉयडायटिस म्हणजे थायरॉईडची सूज नाही, गाठ बाहेर पसरलेली नाही, असे पेशंट.

म्हणजे हाशिमोटो असलेली मधुरा त्या यादीत पहिल्याच फेरीत अडकत होती. सुजलेलं थायरॉईड चिवट होतं, जास्त रक्त येतं, आजूबाजूला चिकटतं.

पर्याय

वाट बघणे. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून बारीक पॅपिलरी गाठी न काढता नुसत्या लक्ष ठेवून सांभाळल्या आणि त्यातल्या बहुतेक वाढल्या नाहीत, हे आता जगभर मानलं जातं. पण ते १ सेंमीपर्यंतच्या गाठींसाठी, आणि नसेजवळ किंवा श्वासनलिकेला टेकलेली गाठ त्यातही धरत नाहीत. १.६ सेंमीला हा पर्याय पटकन बाद झाला.

तोंडातून, म्हणजे खालच्या ओठाच्या आतून जायचं. थायलंडच्या अंगकून अनुवोंग यांनी २०१६ मध्ये ६० पेशंटचा अनुभव मांडल्यापासून हे बरंच पसरलं. कातडीवर कुठेच चीर नाही, कीलॉइडवाल्या माणसाला हे ऐकूनच किती बरं वाटेल. हनुवटी बधिर होण्याचा धोका वेगळा. पण मागच्या बाजूची गाठ आणि हाशिमोटो, दोन्हींमुळे तिला कोणी याचा सल्ला दिला नाही.

दोन्ही काखा आणि स्तनाग्रांच्या कडेने जाण्याची एक रोबोटिक पद्धत आहे, पण तिचा कीलॉइड खांद्यावर आलेला, छाती ही कीलॉइडची आवडती जागा, तिथे चार चिरा घेण्यात अर्थ नव्हता.

उरले काखेतून रोबोटिक आणि गळ्यातून ओपन. आणि दोन्हींत अर्धं की पूर्ण हा प्रश्न उभाच.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा सोनोग्राफीचा. पहिल्या रिपोर्टमध्ये गाठीचं वर्णन चांगलं होतं पण मानेतल्या लसीका ग्रंथींबद्दल एकच ओळ होती. दुसऱ्या सर्जन मॅडमनी, ज्या फक्त मानेचीच ऑपरेशन्स करतात, त्यांनी आधी तेच मागितलं, संपूर्ण मानेचं मॅपिंग, मधला भाग आणि दोन्ही बाजू. बाजूच्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. मध्यभागी दोन-तीन थोड्या मोठ्या होत्या, पण हाशिमोटोमध्ये त्या तशाही मोठ्या होतात, त्यामुळे नक्की काही म्हणता येत नव्हतं. आणि यावेळी रेडिओलॉजिस्टने स्पष्ट लिहिलं की गाठ उजव्या लोबच्या मागच्या अंगाला आहे, त्या खाचेला टेकून.

त्या खाचेतूनच आवाजाची नस वर जाते. रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, मेंदूकडून छातीपर्यंत खाली येऊन मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर स्वरयंत्रात शिरते. एका बाजूची दुखावली तर आवाज घोगरा आणि हवा निसटणारा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासाचाच प्रश्न.

दुसरा टप्पा, किती काढायचं. मॅडम म्हणाल्या की १ ते ४ सेंमीची गाठ, बाहेर पसरलेली नाही, ग्रंथींमध्ये ठळक काही नाही, तर २०१५ च्या अमेरिकन गाईडलाईनपासून एक लोब काढणं हा पूर्णपणे मान्य पर्याय आहे. एकच बाजू उघडली तर एकच नस धोक्यात येते आणि डावीकडच्या पॅराथायरॉईडना हात लागत नाही, म्हणजे कॅल्शियम कायमचं कमी होण्याची भीती जवळपास संपते. तोटेही त्यांनी लपवले नाहीत. रिपोर्ट वाईट आला तर उरलेलं काढायला परत ऑपरेशन, रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) तपासून लक्ष ठेवणं तितकं सोपं राहत नाही, आणि हाशिमोटो असल्यामुळे थायरॉईडची गोळी बहुधा तरीही लागेलच. मधुराच्या नवऱ्याला हे पचायला जड गेलं, कॅन्सर आहे आणि अर्धं ठेवायचं म्हणजे काय. तो खूप अस्वस्थ होता, मला फोन करून म्हणाला, "ताई, उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही." मी त्याला एवढंच सांगितलं की मॅडमना हाच प्रश्न, याच शब्दांत विचारा. त्याने विचारला. मॅडमनी त्याला कागदावर काढून दाखवलं की अशा गाठीत अर्धं काढलेल्यांचं आणि पूर्ण काढलेल्यांचं आयुष्य सारखंच असतं, फरक पडला तर पुन्हा ऑपरेशन लागण्याच्या शक्यतेत पडतो. मग तो शांत झाला.

तिसरा टप्पा, कोणाच्या हातून. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की वर्षाला २५ पेक्षा जास्त थायरॉईड काढणाऱ्या सर्जनच्या पेशंटना त्रास कमी होतात. रोबोटिकचं शिकणं वेगळं, तिथे हात बसायला ४० ते ५० केसेस लागतात असं कोरियन सर्जननीच लिहिलंय. मधुराने पहिल्या सर्जनना जाऊन थेट विचारलं, सर, रोबोटवर थायरॉईडच्या किती केसेस झाल्यात तुमच्या? त्यांनी सरळ उत्तर दिलं की रोबोटवर इतर ऑपरेशन्स खूप केलीत, थायरॉईडच्या अजून थोड्या आहेत, आणि मागच्या बाजूची गाठ असल्याचं नव्या रिपोर्टमध्ये बघून ते स्वतः म्हणाले की आता मीही ओपनच सुचवेन. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. किती पेशंट हा प्रश्न विचारायला घाबरतात, डॉक्टरांना राग येईल म्हणून, आणि किती वेळा उत्तर इतकं सरळ मिळतं.

चौथा टप्पा कीलॉइडचा, आणि इथे तिचं मन सगळ्यात जास्त अडलं होतं. सगळं समजलं तरी ती म्हणत होती, "जीव वाचतोय आणि मी व्रणाचा विचार करतेय, मलाच लाज वाटते." याची लाज वाटायचं काहीही कारण नाही. रोज चाळीस-पन्नास मुलांसमोर उभं राहणारी बाई, गळ्याच्या मधोमध लाल जाड रेघ, आणि कोणीही येऊन विचारणार काय झालं, हे रोज सोसायचंय ते तिला. म्हणून ऑपरेशनच्या आधीच त्वचारोगतज्ज्ञाला गाठलं. ठरलं असं: चीर गळ्याच्या नैसर्गिक घडीत, ती बसलेली असताना मार्किंग करायचं, टाके ताण न येता घालायचे, जखम भरली की सिलिकॉन, उन्हापासून जपायचं, आणि व्रण जाड व्हायला लागतोय असं दिसताच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, वाट बघायची नाही. कीलॉइड होणार नाही याची खात्री कोणीच दिली नाही. ती काखेतही देता आली नसती, फरक इतकाच की काखेतला झाकला जातो.

पाचवा टप्पा आवाजाचा, माझा. ऑपरेशनआधी तिचं स्वरयंत्र दुर्बिणीतून बघून घेतलं, दोन्ही स्वरतंतू छान हलत होते. आवाजाचं रेकॉर्डिंग केलं, खालचा सूर, वरचा सूर, एका श्वासात किती वेळ आ लांबवता येतो ते. हे प्रत्येक थायरॉईड कॅन्सरच्या पेशंटचं व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण आधीची नोंद नसेल तर नंतर आवाज किती बिघडला हे कोणालाच धड सांगता येत नाही.

शेवटी ठरलं: ओपन, उजवा लोब, नर्व्ह मॉनिटर (नस काम करतेय का हे सिग्नलने दाखवणारं यंत्र) लावून. आणि मॅडमनी "जर-तर" आधीच लिहून घेतलं. मधल्या ग्रंथी संशयास्पद वाटल्या तर तेवढ्या काढणार. गाठ उघड उघड बाहेर पसरलेली दिसली तर पूर्ण थायरॉईड काढणार, पण उजव्या नसेचा सिग्नल गेला असेल तर त्याच दिवशी डाव्या बाजूला हात लावणार नाहीत. यातलं शेवटचं वाक्य वाचून मला फार बरं वाटलं.

ऑपरेशन

गाठीच्या मागे नस चिकटलेली होती. गाठीने धरलेली नव्हती, हाशिमोटोच्या सुजेने सगळा भाग एकमेकांना लागला होता, आणि ती सोडवायला बराच वेळ गेला. नस अखंड राहिली. श्वासाच्या नळीवरच्या इलेक्ट्रोडने शेवटी तपासलं तेव्हा सिग्नल होता पण सुरुवातीपेक्षा कमी. जवळच्या चार ग्रंथी काढल्या. गाठ बाहेर पसरलेली दिसली नाही, म्हणून डावी बाजू शाबूत ठेवली. पहिल्या रात्री मानेत रक्त साठत नाही ना यावर लक्ष, ते काही झालं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी.

निकाल

पॅथॉलॉजीत गाठ १.५ सेंमी, थायरॉईडच्या आतच, कडा मोकळ्या पण मागची कडा अगदी जवळ. चारपैकी एका ग्रंथीत १ मिमीचा बारीक ठिपका. इतक्या बारीक आणि इतक्या कमी ग्रंथी असल्या तर तो धोका कमीच्याच गटात धरतात, त्यामुळे दुसरं ऑपरेशन नाही, रेडिओ आयोडीन (उरलेल्या थायरॉईडच्या पेशी मारणारं किरणोत्सारी औषध) नाही. ग्रंथीत कॅन्सर हे वाचून घरात पुन्हा एकदा घबराट झाली होती, तो रिपोर्ट समजावायला मॅडमनी वेगळा वेळ दिला म्हणून निभावलं.

आवाज बसला. पहिल्या आठवड्यात ती जवळजवळ कुजबुजत होती, दुर्बिणीत उजवा स्वरतंतू मंद हलताना दिसला. नस अखंड आहे हे माहीत असल्यामुळे मी तिला धीर देऊ शकले, आणि लगेच थेरपी सुरू केली, कुजबुजायचं नाही, ओरडायचं नाही, हळू हवेवर आवाज टाकायचा, पाणी पिताना हनुवटी खाली. साधारण तीन महिन्यांत बोलण्याचा आवाज पूर्ववत आला. वरचे सूर अजून थोडे कमी आहेत आणि दिवसाच्या शेवटी ती लवकर थकते. शाळेत आता मायक्रोफोन वापरते, तो तिने खरं तर पूर्वीच वापरायला हवा होता.

टीएसएच अपेक्षेप्रमाणे वर गेलं, लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची, लहान डोसची गोळी सुरू झाली, टीएसएच ०.५ ते २ मध्ये ठेवायचं ठरलं. कॅल्शियम कधीच खाली गेलं नाही.

व्रणाचं मात्र जमलं नाही, निदान हवं तसं नाही. दोन महिने सुंदर बारीक रेघ होती, मग उजव्या टोकाला उचलायला लागली, खाज सुटली. इंजेक्शनं सुरू केली, वर्षभराने सपाट झाली पण रेघ रुंद आणि फिकट राहिली आहे. तिला ती आवडत नाही. मी विचारलं की पुन्हा ठरवायचं असतं तर, ती म्हणाली ओपनच केलं असतं, पण ताई, रोज आरशात बघताना त्रास होतो हेही लिहा.

काय वेगळं करता आलं असतं

मानेचं पूर्ण मॅपिंग पहिल्या सर्जनकडे जायच्या आधीच व्हायला हवं होतं. एफएनएसी पॉझिटिव्ह आली की लगेच. ते झालं असतं तर गाठ मागे आहे हे पहिल्याच भेटीत टेबलावर आलं असतं आणि घरातली रोबोटिक विरुद्ध ओपन ही सगळी रस्सीखेच झालीच नसती. हाशिमोटोचा रिपोर्टही फाईलमध्ये होता, पण तो रक्ताच्या कागदांत, ऑपरेशनच्या चर्चेत तो आलाच नाही.

व्रणाचं इंजेक्शन उशिरा सुरू झालं. ठरलं होतं की जाड व्हायला लागताच, पण रेघ इतकी छान दिसत होती की दोन महिन्यांची त्वचारोगतज्ज्ञाची भेट तिने पुढे ढकलली, आणि टोक उचलल्यावरही दोन-तीन आठवडे आपोआप बसेल म्हणून गेले. कीलॉइडची प्रवृत्ती असेल तर दिसो न दिसो, ठरलेल्या तारखेला दाखवायलाच हवं, आणि ती तारीख सर्जनच्याच डिस्चार्ज कार्डवर लिहिलेली असावी.

आवाज तात्पुरता बसू शकतो हे तिला सांगितलं होतं, पण शाळेला कळवलं नव्हतं. दोन आठवड्यांची रजा टाकली होती, ती दोनदा वाढवावी लागली, आणि त्या ताणात तिने एकदा लवकर वर्ग घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा घसा आणखी चार दिवस मागे गेला. बोलण्यावर ज्यांचं काम आहे त्यांनी सुरुवातीलाच सहा ते आठ आठवडे धरून चालावं, आधी बरं वाटलं तर उत्तमच.

आणि रोबोटिकबद्दल. हीच गाठ लोबच्या पुढच्या भागात असती, हाशिमोटो नसता, आणि रोबोटवर थायरॉईडच्या भरपूर केसेस केलेला सर्जन मिळाला असता, तर कीलॉइडचा इतिहास बघता मी तिला काखेतून करायला मनापासून हो म्हटलं असतं. अनुभवी हातात कायमचे त्रास दोन्हीकडे साधारण सारखेच निघतात, दिसण्याबद्दल रोबोटिकचे पेशंट जास्त समाधानी असतात, गळा ओढल्यासारखा वाटण्याचा त्रासही काहींना कमी होतो. वेळ आणि खर्च जास्त, काही अभ्यासांत मधल्या ग्रंथी थोड्या कमी निघतात, आणि कॅन्सर परत येण्याबद्दलची माहिती बरीचशी निवडलेल्या पेशंटची आहे, हे धरून घ्यायचं. इतका विचार करूनही एखादीने गळ्यावर खूण नको म्हणून रोबोटिक निवडलं तर तो तिचा हक्क आहे, आणि तिला कोणी उथळ ठरवू नये.

एका मुद्द्यावर मॅडमचं आणि माझं अजून जुळत नाही. त्यांचं म्हणणं की सिग्नल कमी झाला तो सूज सोडवताना नसेला जी ओढ बसली त्यामुळे, आणि रोबोटच्या १० पट चित्रात एखाद्या निष्णात सर्जनने ते कदाचित त्याहून हळुवार केलं असतं, बाजूने येणाऱ्या रस्त्यात ती नस दिसतेही छान. मला वाटतं की चिकटलेल्या भागात बोटांना जे कळतं त्यानेच नस अखंड राहिली. दोघींनाही हे सिद्ध करता येणार नाही. पुढच्या सोनोग्राफीला डावा लोब आणि उजवीकडची मोकळी जागा दोन्ही बघायच्या आहेत, मागची कडा जवळची होती म्हणून मॅडमनी तिथे खास लक्ष द्यायला रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीच लिहून दिली आहे, आणि मधुराचं आवाजाचं रेकॉर्डिंग मी त्याच आठवड्यात परत करणार आहे, त्याच वाक्यांवर, म्हणजे आधीच्याशी ताडून बघता येईल.